मदत हवी आहे: नवा जोडलेला पीसी सुरूच होत नाही, पंखा अर्धा फेरा मारून थांबतो

दोन रात्री घालवल्या, आता हात टेकले. पहिल्यांदाच सुटे भाग आणून स्वतः पीसी जोडलाय. बटण दाबलं की सीपीयूचा पंखा जेमतेम अर्धा फेरा मारतो, आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळं गार. परत बटण दाबलं तर तेवढंही नाही. पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबलो, की पुन्हा तोच अर्धा फेरा.

सामान: रायझेन ५ ७६००, मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम १६-१६ जीबीची जोडी, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय, एनव्हीएमई एसएसडी. ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे. कॅबिनेट तेवढं जुनं, आधी त्यात मोठा बोर्ड होता.

२४ पिनची आणि सीपीयूजवळची ८ पिनची, दोन्ही वायरी काढून खट्कन आवाज येईपर्यंत बसवल्या. रॅमची एकेक पट्टी लावून पाहिली. कॅबिनेटचं बटणच खराब असेल म्हणून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने जोडून पाहिल्या, तरी तेच. २४ पिनच्या प्लगमधली १६ आणि १७ नंबरची पिन पेपरक्लिपने जोडल्यावर पॉवर सप्लायचा पंखा मात्र मस्त फिरतो. म्हणजे तो चांगला आहे असं धरू का? की बोर्ड गेला? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहे ना? माझं तिथेच अडलं होतं.

प्रतिसाद २
रॅम चुकली असती तर पंखे फिरत राहिले असते आणि स्क्रीन काळी राहिली असती. इथे पॉवर सप्लाय स्वतःहून बंद होतोय, आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय पुन्हा दाद देत नाही. कुठेतरी शॉर्ट असला की त्याचं संरक्षण असंच वागतं. पेपरक्लिपच्या चाचणीवर फार विसंबू नका. तिथे त्याच्यावर काही भारच नसतो, एवढंच कळतं की तो अगदीच मेलेला नाही.

मला संशय कॅबिनेटचा आहे, तुम्ही जाता जाता लिहिलंय त्या वाक्यामुळे. जुन्या मोठ्या बोर्डासाठी लावलेले पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब) तसेच राहिलेत का? बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा असेल तर तो खालून डाखाच्या टोकांना टेकतो आणि सरळ शॉर्ट.

वायर काढा, बोर्ड बाहेर घ्या आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, काही पिशव्यांच्या बाहेरच्या अंगातून वीज वाहू शकते. फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि पॉवरच्या दोन वायरी. एवढ्यावर चालू करा. पॉवर सप्लाय मात्र कुतूहल म्हणूनसुद्धा उघडू नका, वायर काढल्यावरही आत चार्ज राहतो.

धागाकर्ता
सापडला! बोर्डाच्या बरोबर मधोमध, भोक नसलेल्या जागी एक स्टँडऑफ. बोर्डाखाली बारीक ओरखडाही आहे. नवे भाग दहादा तपासले, जुन्या पत्र्याकडे एकदाही पाहिलं नाही.

खोक्यावर पंखा फिरत राहतोय. पण आता बोर्डावरचा डीरॅमचा (म्हणजे रॅमच्या तपासणीचा) पिवळा दिवा लागलाय आणि स्क्रीन काळी. चार वेळा बंद-चालू केलं. ओरखड्याने रॅमची लाइन तुटली की काय?

प्रतिसाद २
बंद-चालू करणंच थांबवा! एएम५ बोर्ड (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा) पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. यात काही मिनिटं जातात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. तुम्ही दर वेळी त्याला अर्ध्यातून उठवताय. मॉनिटरची वायर बोर्डाला लावा, बटण दाबा आणि पंधरा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा.

धागाकर्ता
खोलीतून गेलो नाही, खुर्चीवर हात बांधून बसलो. बायोस (बोर्डाच्या सेटिंगची स्क्रीन) आला! दोन्ही पट्ट्या लावल्या, ३२ जीबी दिसतेय. कॅबिनेटमध्ये परत बसवूनही चालू झाला. फक्त रॅम ६००० वेगाची असून ४८०० वर का दाखवतोय?

प्रतिसाद १
बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारं सेटिंग) चालू करा. त्यानंतर ट्रेनिंग पुन्हा होईल, स्क्रीन पुन्हा काळी होईल. या वेळी बटणाला हात लावू नका :)