टर्मिनलमधून अनेक गेम एकदम कसे काढावेत?

प्रश्न (कोथरूड, पुणे): आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेतील उबुंटू (लिनक्स) संगणकावर मुलांनी सुट्टीत स्टीम या गेम विकत घेण्याच्या व खेळण्याच्या अ‍ॅपवरून तीसेक गेम उतरवल्याने २५६ जीबीची डिस्क भरत आली आहे. दोन-तीन ठेवून बाकीचे टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, एकदम काढता येतील का? गेमच्या फाइली जिथे असतात ते 'कॉमन' फोल्डर रिकामे केले तर चालेल का?

उत्तर १: नुसते ते फोल्डर रिकामे करू नये. 'स्टीमअ‍ॅप्स' फोल्डरमध्ये प्रत्येक गेमसाठी 'अ‍ॅपमॅनिफेस्ट'ने सुरू होणारी नोंदफाइल असते आणि तिच्यात गेमचा क्रमांक, नाव, फोल्डर व डिस्कवरील आकार लिहिलेला असतो. ती मागे राहिली, तर गेम अजून बसवलेलाच आहे असे स्टीम समजते. म्हणून स्टीम पूर्ण बंद करून, या फाइली वाचून आकारानुसार यादी छापणारी छोटी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) लिहावी आणि निवडलेल्या गेमचे फोल्डर व नोंद दोन्ही काढावीत. पहिल्या वेळी काहीही न पुसता फक्त नावे छापून पाहावीत, कारण फोल्डरचे नाव रिकामे वाचले गेले तर अख्खे 'कॉमन' पुसले जाईल. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉन या साधनाचीही नोंद याच यादीत दिसते. ती गेम समजून काढू नये.

उत्तर २: विंडोजसाठीच्या गेममधील मुलांची प्रगती बहुधा 'स्टीमअ‍ॅप्स'मधल्या 'कॉम्पॅटडेटा' फोल्डरमध्ये त्या गेमच्या क्रमांकाखाली असते. तिची प्रत आधी घ्यावी, नाहीतर अभ्यासिकेत अभ्यास सोडून भांडणेच होतील! शिवाय स्टीमच्या लायब्ररीत कंट्रोल दाबून अनेक गेम निवडून एकदम काढता येतात. एकदाच करायचे काम असेल, तर स्क्रिप्टचा खटाटोप कशाला?

प्रश्नकर्ता: दर सुट्टीनंतर हेच करावे लागते, म्हणून स्क्रिप्टच लिहितो.