मदत हवी आहे : स्पॅनिशमधील ‘आंदो’, ‘इएंदो’ रूप नेमके कुठे वापरावे?

नमस्कार. सोलापुरात टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात मी पत्रव्यवहार सांभाळते आणि दीड वर्षापासून स्पॅनिश शिकते आहे. ‘हाब्लार’चे ‘हाब्लांदो’, ‘कोमेर’चे ‘कोमिएंदो’ होते, हे ठाऊक आहे. ‘लेयेंदो’, ‘दुर्मिएंदो’ अशी वेगळी रूपेही पाठ आहेत. आपल्या ‘बोलत’, ‘खात’ यांच्याशी ही रूपे इतकी जुळतात, की ‘एस्तोय हाब्लांदो’ म्हणजे ‘मी बोलत आहे’ हाच हिशेब मी सगळीकडे लावत गेले.

मेक्सिकोच्या ग्राहकाला ‘उद्या माल पाठवत आहोत’ हे कळवताना मी ‘मान्याना एस्तामोस एनबियांदो ला मेर्कान्सिया’ असे लिहिले, तेव्हा माल निघाला आहे की निघायचा आहे, अशी विचारणा आली. वर्गात ‘जेवून आले’ यासाठी लिहिलेले ‘बिने कोमिएंदो’ही चुकीचे ठरले. माझे नेमके कुठे चुकते, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

उत्तर : आपण जुळवलेली जोडी योग्यच आहे, परंतु मराठीतले ‘पाठवत आहोत’ उद्याच्या बेतालाही चालते, तसे स्पॅनिशमध्ये चालत नाही. ‘एस्तार’च्या (म्हणजे ‘असणे’) ‘एस्तोय’, ‘एस्तामोस’ अशा वर्तमानकाळी रूपांसोबत हे रूप आले, की क्रिया सध्या सुरू आहे असाच अर्थ होतो, म्हणून ‘मान्याना एनबियामोस’ किंवा ‘बामोस आ एनबियार’ लिहावे. दुसरी चूक मात्र ‘त’ आणि ‘ऊन’ यांच्यातील फरकाची आहे. ‘बिने कोमिएंदो’ म्हणजे ‘खात खात आले’. ‘जेवून’ यात आधी संपलेली क्रिया आहे, तिच्यासाठी ‘बिने देस्पुएस दे कोमेर’ म्हणावे. ‘देस्पुएस दे’ (नंतर), ‘आन्तेस दे’ (आधी) यांच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूपच येते. आपल्या पहिल्या वाक्यातील ‘दीड वर्षापासून शिकते आहे’ यासाठी तर फार सुंदर रचना आहे : ‘येबो उन आन्यो इ मेदिओ आप्रेन्दिएंदो एस्पान्योल’. यात ‘एस्तार’ऐवजी ‘येबार’ येते, ज्याचा एरवीचा अर्थ ‘नेणे’ असा आहे.

मन:पूर्वक आभार. ‘त’ आणि ‘ऊन’ यांतील फरक रोज बोलत असूनही असा कधी तपासून पाहिला नव्हता. आत्ता आमच्या दारात ट्रकमध्ये टॉवेलचे गठ्ठे चढवले जात आहेत, म्हणून ग्राहकाला ‘एस्तामोस कार्गांदो एल कामिओन’ असे कळवते आहे. हे तरी बरोबर आहे ना?

उत्तर : अगदी बरोबर आहे.