गांजाच्या दुकानांची विक्री वाढली म्हणजे धंदा चालला का? (हाय टाइड, कॅनडा)

हिशेबनीस (मिसिसागा)
परवा रानवारा यांनी हाय टाइडवर लेख टाकला. सांगणं एवढंच की या कंपनीची कॅना कबाना ही कॅनडातली कायदेशीर गांजाच्या दुकानांची सगळ्यात मोठी साखळी आहे, विक्री दरवर्षी वाढतेय, शेअर घेऊन ठेवा आणि दहा वर्षं विसरून जा. लेखात विक्रीचा आलेख होता, दुकानांची संख्या होती. तोट्याबद्दल एक ओळ नाही. खाली पुण्यामुंबईचे लोक "इथून कसा घ्यायचा" विचारायला लागलेत, म्हणून लिहायला बसलो. मी दुकानदारांची खाती लिहून पोट भरतो, मला हे बघवत नाही.

आकडे कॅनेडियन डॉलरचे, कंपनीचं वर्ष ऑक्टोबरअखेर संपतं. २०२१ ला विक्री १८.१ कोटी, २०२२ ला ३५.७, २०२३ ला ४८.८, २०२४ ला ५२.२. आलेख चढताच दिसणार. पण वाढीचा वेग बघा: आधी जवळपास दुप्पट, मग ३७ टक्के, मग ७. सुरुवातीची उडी मोठ्या प्रमाणात विकत घेतलेली आहे. मेटा ग्रोथ या दुसऱ्या साखळीची दुकानं घेतली, मग सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) विकणाऱ्या नुलीफ, फॅब, ब्लेस्ड अशा ऑनलाइन कंपन्या घेतल्या. पैसे कुठून आले? बराचसा व्यवहार नवे शेअर देऊन. पुढे त्याच ऑनलाइन कंपन्यांची किंमत पुस्तकात खाली आणावी लागली. २०२२ चा तोटा ७ कोटींच्या घरात, २०२३ चा ४ कोटींच्या.

दुसरं, ऑक्टोबर २०२१ पासून सभासदांना स्वस्तात माल द्यायची योजना आली. गिऱ्हाईक वाढलं, पण ढोबळ नफा (विक्रीतून मालाची खरेदी वजा जाता उरतं ते) ३५ टक्क्यांच्या आसपास होता तो सत्तावीसवर आला. भाडं, पगार, वीज त्यातूनच जाणार. मग उरतं काय, हे लेखात का नाही?

रानवारा (कॅलगरी)
२०२४ वर येऊन बरोबर थांबलात. त्या वर्षीचा तोटा सुमारे ३८ लाख. सात कोटींवरून अडतीस लाख! आणि भांडवली खर्च वजा जाता २.२ कोटी रोख हातात उरली. पुस्तकातली किंमत खाली आणणं म्हणजे त्या वर्षी खिशातून पैसे गेले असं नाही, हे हिशेबनिसांना मी सांगायचं का?

शेजारी काय झालं तेही लिहा ना. फायर अँड फ्लॉवर या दुसऱ्या साखळीत सर्कल के दुकानं चालवणाऱ्या कूश-टार्ड कंपनीचे पैसे होते, तरी जून २०२३ मध्ये ती धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात गेली. टोकियो स्मोक ऑगस्ट २०२४ मध्ये गेली. दोघींकडे देखणी दुकानं होती, महागडे पत्ते होते. हाय टाइडचे संस्थापक राज ग्रोव्हर यांनी २०२१ मध्येच ओळखलं की गिऱ्हाईक शेवटी भाव बघतं. नफा कमी करून बाजार घेतला. मुद्दाम केलंय ते, नाइलाज म्हणून नाही.

कोथरूडकर
अमेरिकेतली मेडमेन ही गांजाच्या दुकानांची साखळी विसरलात का सगळे? २०१८ मध्ये कॅनडाच्या बाजारात नोंदली गेली तेव्हा कंपनीची किंमत दीड अब्ज डॉलरच्या वर धरली होती. फिफ्थ अॅव्हेन्यूवर दुकान, चकाचक लाकडी टेबलं. फार्माकॅन ही दुसरी गांजा कंपनी घेणार म्हणून ६८.२ कोटी डॉलरचा सौदा जाहीर केला आणि वर्षभरात मोडला. एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरी. गांजाच्या धंद्यात कर इतका आहे की कोणीच टिकणार नाही. खर्च वजा न करता कर लावतात, कलम २८०ई.

हिशेबनीस
२८०ई अमेरिकेचं कलम आहे. कॅनडात दुकानदार भाडं-पगार इतर धंद्यांसारखेच वजा करतो. इथल्या उत्पादन शुल्काचा राग काढायचा असेल तर तो शेतावर निघतो: ग्रॅममागे एक डॉलर किंवा दहा टक्के, जे जास्त असेल ते उत्पादक भरतो. तीन-चार डॉलरच्या ग्रॅमवर एक डॉलर म्हणजे त्याचा जीव जातो. दुकानाचं दुखणं वेगळं. ओंटारिओत घाऊक माल एकाच सरकारी वखारीतून घ्यायचा, जाहिरातीवर बंधनं, आणि तोच माल समोरच्या दुकानातही. मग भाव पाडण्याशिवाय हातात काय राहतं?

सातारी_तर्री (लंडन, ओंटारिओ)
मी शेअरबिअर जाणत नाही. माझ्या मेव्हण्याची गोष्ट सांगतो, पटली तर घ्या. सोडतीच्या काळात, २०१९ च्या पहिल्या सोडतीत, अख्ख्या ओंटारिओत पंचवीस परवाने निघाले. ज्याला लागला तो राजा. २०२० ला सोडत बंद, मागेल त्याला परवाना. मेव्हण्यानं ब्रॅम्प्टनचं टाउनहाऊस गहाण टाकून दुकान टाकलं. नियम काय, तर शाळेपासून दीडशे मीटर लांब. दोन दुकानांमध्ये किती अंतर, यावर शब्द नाही. त्याच रस्त्याला आणखी तीन उघडली, एक तर त्याच प्लाझात. साखळीवाल्यांनी असा भाव लावला की आमच्याला घाऊकनं तो माल जेमतेम तेवढ्याला पडायचा. पुढच्या वर्षी ताईचे दागिने गेले. रानवारा म्हणतात "बाजार घेतला". तो आमच्या घरातून घेतला.

रानवारा
तर्रीभाऊ, वाईट वाटलं, मनापासून. पण तुमच्या मेव्हण्यानं परवाना घेतला तेव्हा बाकीच्यांनाही तो मिळणार हे जाहीर होतं. राज्यात आज दीड हजारांच्या वर दुकानं आहेत, ती सगळी जगणार नव्हतीच.

सातारी_तर्री
"जाहीर होतं" हे ताईला फोन करून सांगता का? नंबर देऊ?

पक्या_ब्रॅम्प्टन
भांडू नका. मी शिकत असताना अशाच एका साखळीच्या दुकानात काउंटरवर होतो, नाव सांगत नाही. कॅनसेल या गांजा विक्रेत्यांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मगच उभं करतात. येणारा माणूस पाटी वाचत नाही. "सगळ्यात स्वस्त अठ्ठावीस ग्रॅम कोणतं" एवढंच विचारतो. सभासद कार्ड प्रत्येकाच्या खिशात सगळ्या दुकानांचं. निष्ठा वगैरे काही नाही, हिशेबनीस काकांचं बरोबर आहे. पण दुकान भरलेलं असायचं हेही खरं.

माझा प्रश्न वेगळा. घरी सांगलीला औषधाच्या दुकानात काम करतो म्हणून सांगितलंय. आता अमेरिकेतल्या कंपनीत बदली मिळतेय. ही नोकरी अर्जात लिहायची का?

मीनलताई (न्यू जर्सी)
अरे बाळा, थांब! काही लिहू नकोस आणि बोलू नकोस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे. नागरिकत्व खात्यानं एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गांजाच्या धंद्यातलं काम राज्याच्या किंवा परदेशाच्या कायद्यानं चालत असलं तरी नागरिकत्वासाठीच्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीत अडचण येऊ शकते. आमच्या मंडळातल्या एकाचा मुलगा कोलोरॅडोत अशा दुकानाचा हिशेब बघायचा, त्याच्या अर्जाला काय काय उत्तरं द्यावी लागली ते आम्ही बघितलंय. आणि तुम्ही लोक इथं शेअर घ्या शेअर घ्या करताय!

रानवारा
मीनलताई, मुलाला घाबरवू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये सीमाशुल्कवाल्यांनी सांगितलंय की कॅनडाच्या कायदेशीर धंद्यात काम करणारा माणूस दुसऱ्या कामासाठी येत असेल तर सहसा प्रवेश मिळतो.

मीनलताई
ते कॅनडाच्या नागरिकाबद्दल होतं. हा सांगलीचा पासपोर्ट घेऊन येणार. "सहसा" या शब्दावर तुम्ही तुमच्या मुलाला विमानात बसवाल? मी वीस वर्षं इथं अर्ज भरतेय, मला शिकवू नका.

कोथरूडकर
मूळ मुद्दा हाच आहे! आईवडिलांना सांगता येत नाही असल्या धंद्यात पैसा तरी का घालायचा? आमच्या पिढीत...

पक्या_ब्रॅम्प्टन
काका, त्याच पैशातून माझी फी गेली. बँकेचं शैक्षणिक कर्ज वडिलांच्या नावावर आहे. तुम्ही हप्ता भरलात का?

कोथरूडकर
वैयक्तिक होऊ नका. मी मूल्यांबद्दल बोलत होतो.

मीनलताई
पक्या, त्याचं सोड. "लिहू नकोस" म्हटलं ते घाईत, नीट वाच: अर्जात विचारलं तर खोटं लिहायचं नाही. नोकरीपेक्षा लपवाछपवी महागात पडते. आणि सीमेवर गप्पांच्या ओघात "मीही कधी ओढलाय" असं चुकूनही बोलू नकोस, तेवढ्यावर लोकांना परत पाठवलंय. बदलीचं पत्र स्वीकारायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन भेट.

पक्या_ब्रॅम्प्टन
बरं ताई. ओढत नाही, पण कळलं.

हिशेबनीस
धाग्याचं वकिलाचं ऑफिस झालं. झालं ते चांगलंच झालं, मुलाला उपयोग आहे. मी परत माझ्या मुद्द्यावर येतो.

रानवारा, २.२ कोटी रोख उरली हे मान्य, लिहिताना मला ते द्यायला हवं होतं असं म्हणणार असाल तर घ्या, दिलं. पण त्या रोखीवर पुढची वाढ किती दिवस? ओंटारिओत एका मालकाला ७५ दुकानांची मर्यादा होती ती २०२४ पासून १५० झाली, म्हणून इथं जागा मिळाली. ती जागा भरली की मग? कंपनीनं जर्मनीतल्या रेमेक्सियनमध्ये ५१ टक्के हिस्सा घेतलाय. तिथं दुकानं नाहीत, औषधी गांजाची आयात आणि घाऊक विक्री आहे. किरकोळ धंद्यात पुरेसं उरत असतं तर घाऊक धंदा शोधायला जर्मनीच्या दिशेनं कोण गेलं असतं?

रानवारा
माल एकाच घाऊकवाल्याकडून घ्यावा लागतो हे तुम्हीच वर लिहिलंत. मग घाऊक धंद्यात पाय रोवला तर दोष कसा? बाकी, कंपनीनं मे २०२१ मध्ये पंधरा शेअरांचा एक केला, जूनमध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात गेली, आणि त्या वेळचा भाव आजवर परत आलेला नाही, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मीच लिहितो, म्हणजे कोणी म्हणायला नको. मी तेव्हापासून धरून आहे.

हिशेबनीस
तेव्हापासून धरून आहात आणि नव्यांना घ्यायला सांगताय. हेही लेखात नव्हतं.

सातारी_तर्री
आता कळलं!

रानवारा
शेअर आहेत म्हणूनच अभ्यास केलाय. तोट्याचे आकडे आणि माझे शेअर, दोन्ही आज रात्री लेखात घालतो. शीर्षक बदलणार नाही.