सांगलीतील हळद व्यवसायासाठी जनसंपर्काचे काम कोणाकडे सोपवावे?

प्रश्न – हळद व्यावसायिक, सांगली

नमस्कार. वडिलांची मार्केट यार्डात अडत होती. गेली सात वर्षे आम्ही राजापुरी हळद दळून स्वतःच्या नावाने पुणे-मुंबईच्या दुकानांत पाठवतो. माल चांगला असूनही नाव कोणाला ठाऊक नाही, म्हणून जनसंपर्काचे काम बाहेर द्यायचे ठरवले आहे. पुण्यातील एक संस्था दरमहा ६० हजार रुपये, जीएसटी वेगळा, सहा महिन्यांचा करार आणि महिन्याला दहा बातम्यांची हमी देते. दुसरा प्रस्ताव सांगलीतच राहणाऱ्या, पूर्वी वृत्तपत्रात काम केलेल्या एका ताईंचा आहे. त्या २० हजार मागतात, हमी मात्र कसलीच देत नाहीत. उलट दोन तास त्यांनीच मला प्रश्न विचारले, अगदी आजोबांची हळद हरिपूरच्या कोणत्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) असे इथपर्यंत. घरच्यांचा कल हमीकडे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – निवृत्त बातमीदार, मिरज

बातमी छापायची की नाही हे संपादक ठरवतो, त्यामुळे तिची हमी जो देतो तो बहुधा विकत घेतलेली जागा किंवा कोणी न वाचणारी संकेतस्थळे देत असतो. त्या दहा बातम्या कोणत्या दैनिकांत, कोणत्या पानावर येणार आणि त्यांवर ‘जाहिरात’ असे छापलेले असेल का, हे लेखी विचारा. छापून आलेली जागा मोजून तिला जाहिरातीच्या दराने गुणणे आणि ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असे दाखवणे ही जुनी पद्धत आहे; २०१० साली बार्सिलोना येथे या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनीच ते जनसंपर्काचे मूल्य नव्हे असे जाहीर केले. असा अहवाल कोणी पुढे केला तर सावध व्हावे. आणि पेवांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. जमिनीखाली हळद साठवणारी हरिपूरची पेवे २००५ च्या महापुरात मोठ्या प्रमाणावर निकामी झाली. त्यानंतर तुमच्या घराने साठवण कशी सांभाळली, ही पुण्या-मुंबईचा वाचकही वाचेल अशी हकिकत आहे. ती ज्यांना पहिल्याच भेटीत दिसली, त्यांना हे काम कळते.

उत्तर – बेदाणा व्यापारी, तासगाव

आम्ही एका संस्थेला काम दिले होते. प्रस्ताव मांडायला अनुभवी गृहस्थ आले, पण करारानंतर काम नुकत्याच लागलेल्या मुलाकडे गेले आणि त्याला द्राक्ष व बेदाणा यांचा संबंधही सांगावा लागला. सत्काराचे फोटो स्थानिक पानावर आले, ओळखीच्यांनी कौतुक केले, परंतु आमचे गिऱ्हाईक परराज्यातील मिठाईवाले. त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचले नाही. म्हणून प्रत्यक्ष काम कोण करणार हे करारात नावानिशी लिहून घ्या आणि महिन्याभराच्या नोटिशीवर करार मोडण्याची मुभा ठेवा. आधी मात्र आपले नाव नेमके कोणाच्या कानावर जायला हवे, दुकानदाराच्या की घरच्या स्वयंपाक करणाऱ्याच्या, हे तुम्हीच ठरवा.

उत्तर – अन्न परवाना सल्लागार, सातारा

हळदीच्या बाबतीत एक गोष्ट राहून गेली. ‘मधुमेह बरा होतो’, ‘कर्करोग टळतो’ अशी वाक्ये प्रसिद्धीच्या भरात सहज लिहिली जातात. अन्नपदार्थ रोग बरा करतो असा दावा २०१८ च्या अन्नविषयक जाहिरात व दावे विनियमांनुसार करता येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये १० लाखांपर्यंत दंड उत्पादकालाच होऊ शकतो. ‘सांगली हळद’ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मात्र ते नाव पाकिटावर वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. दोन्ही उमेदवारांना याबद्दल विचारा. न विचारताच ज्यांनी हे तुमच्या लक्षात आणून दिले, त्यांना झुकते माप द्यावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मानांकनाच्या नोंदणीचा विषय ताईंनी काढला होता आणि मीच तो टाळला होता. त्यांच्याशी तीन महिन्यांचा करार करतो आणि नोंदणीचा अर्ज आधी भरतो.