भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या कडक थराचे अवाढव्य तुकडे) सरकतात ते नेमके कशामुळे?

गोदाकाठ:
रविवारी नववीतल्या लेकीला घेऊन नाशिकची पांडवलेणी चढलो. वर कातळाला टेकून दम खात बसलो तर तिने वरचा प्रश्न टाकला. मी छातीठोकपणे सांगितलं, खाली लाव्हा उकळतोय, त्यावर पट्ट दुधावरच्या सायीसारखे तरंगतात. ती म्हणे, "मग बोअर मारल्यावर लाव्हा का नाही लागत?" (सिडकोत आमच्या बोअरला पाणीही लागलं नव्हतं, ते असो.) कुणी सांगेल का?

भूगोलाच्या बाई:
दादा, आधी लेकीला शाबासकी द्या. आणि ती साय विसरा, मीही पंचवीस वर्षं वर्गात हेच सांगून चुकले आहे. कवचाखालचं प्रावरण हा घन खडक आहे. वितळतो तो मोजक्याच ठिकाणी. पण इतका तापलेला, की लाखो वर्षांत डांबरासारखा हळूहळू वाहतो.

पट्टाला ओढतं ते मुख्यतः त्याचं स्वतःचं वजन. समुद्रतळाचा खडक महासागरातल्या डोंगररांगेपाशी गरम जन्मतो, लांब जाता जाता गार आणि जड होतो, शेवटी दुसऱ्या पट्टाखाली बुडतो. दांडीवर ओलं लुगडं टाकताना एक टोक जास्त लोंबलं की अख्खं लुगडं सरसर खाली येतं ना, तसं. रांगेकडून थोडा रेटाही मिळतो.

जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात म्हटलं, तेव्हा "ढकलतं कोण?" इथेच त्याचं घोडं अडलं. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला. समुद्रतळ रुंदावतो हे अमेरिकन भूशास्त्रज्ञ हेसने मांडलं १९६२ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी वाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तळाच्या खडकातल्या उलटसुलट चुंबकत्वाच्या ओळींचा अर्थ लावला: हा त्याच रुंदावण्याचा पुरावा.

पण आपला दगड त्याआधीच बोलला होता! लाव्हा थिजून गार होताना त्यातल्या लोहखनिजांचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे दिशा धरतं. विषुववृत्तावर आडवं, ध्रुवाकडे जास्त कललेलं. १९५० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसाल्टमधला (थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक) हा कल मोजला, तर तो विषुववृत्ताच्या दक्षिणेचा निघाला, म्हणजे तेव्हा भारत तिकडे होता. तुम्ही टेकलात तो कातळ याच दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

कातळवेडा:
बाई, पण भारताचं लुगडं तर हिमालयात अडकलं. खंड जाड आणि हलका, बुडत नाही. मग अजून सरकतो कसा?

भूगोलाच्या बाई:
बरोबर पकडलंत. भारत आणि आशियाच्या मधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली बुडत होता तोवर ओढ जबरदस्त होती, वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी टक्कर झाली नि वेग मंदावला. आता साधारण ५. सुमात्रा-जावाकडे समुद्रतळ अजून बुडतोय, त्याची ओढ आणि हिंदी महासागरातल्या रांगेचा रेटा आहेच. कुणाचा वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात.

गोदाकाठ:
लेकीला वाचून दाखवलं. तिने लगेच वहीत १४ गुणिले ५ केलं. तिच्या जन्मापासून नाशिक ७० सेंटिमीटर सरकलं म्हणे. आता विचारतेय, बोअरची जागाही सरकली का.