टिक फीवर: डॉक्सीची गोळी कशासोबत द्यावी? मदत हवी आहे

आमच्या लॅब्रेडॉरला (वय ७, वजन ३१ किलो, कोथरूड) टिक फीवर (गोचिडांमुळे होणारा आजार) झालाय, एर्लिकिया नावाच्या जिवाणूचा. प्लेटलेट्स ६८ हजारांवर आल्या होत्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण २ लाखांच्या वर असतात. डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स चालू आहे. ताप उतरलाय, हिरड्या पुन्हा गुलाबी दिसतायत, नाकातून किंवा लघवीतून रक्त नाही. औषध लागू पडतंय, त्यामुळे ते मध्येच सोडायचं नाही हे पक्कं. गोचिडांचं औषधही मानेवर लावून झालंय.

अडचण खाण्याची आहे. रिकाम्या पोटी गोळी दिली की थोड्याच वेळात पिवळं पाणी ओकतो. खाऊ घालून द्यावी, तर सध्या तोंड लावतो ते फक्त दहीभाताला, आणि दूध-दह्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध कमी शोषलं जातं. चिकनने त्याचे कान लाल होतात, खाज सुटते, म्हणून ते बंद. लाल भोपळा-भात, मुगाची पातळ खिचडी, उकडलेलं अंडं, सगळं करून पाहिलं. अंड्याचा बलक तेवढा चाटून घेतो, गोळी वाटीत तशीच. मग घशात सरकवून वर पाणी पाजावं लागतं, गोळी अन्ननलिकेत अडकायला नको म्हणून. मटण, मासे घरात चालतात.

डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर दही आणि चिकन सोडून, भूक मेलेल्या कुत्र्याने गोळीआधी हमखास खाल्लं असं तुमच्याकडे काय आहे? आणि दहीभात द्यायचाच झाला, तर गोळीनंतर किती तासांनी देता?