विषय: गणेशोत्सवात सोलापूरचा फंक बँड, २० मिनिटं आणि मानधन

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

येत्या गणेशोत्सवासाठी सोलापूरच्या एका फंक आणि हिप हॉप बँडचं नाव दोघा-तिघांकडून आलं आहे. मुलं सप्टेंबरात इकडे अमेरिकेत ईस्ट कोस्टवर काही क्लबांत वाजवायच्या खटपटीत आहेत असं कळतं. कार्यकारिणीचा प्रस्ताव: आरती आणि महाप्रसाद यांच्यामध्ये २० मिनिटं द्यावीत, शाल-श्रीफळ द्यावं, राहण्याची सोय सभासदांकडे करावी. मानधनाची तरतूद यंदाच्या बजेटात नाही. गाण्यांची लिंक मागच्या मेलमध्ये आहेच. हरकती-सूचना रविवारपर्यंत कळवाव्यात.

प्रेषक: नाना

सचिवसाहेब, दोन गाणी ऐकली. वाद्यं कानठळ्या बसवणारी, शब्द कळत नाहीत. एका गाण्यात अर्ध्याहून जास्त तेलुगू, दुसऱ्यात एक कडवं चक्क कानडी. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर मराठी किती, हे कोणी मोजलं का? आणि शिव्या आहेत की नाहीत ते कोणी तपासलं का? समोर लहान मुलं बसलेली असतात. माझा विरोध नाही, पण मला २० मिनिटंही जास्त वाटतात.

प्रेषक: अण्णा (सध्या मुक्काम सोलापूर)

नाना, नमस्कार.

गड्ड्याच्या जत्रेच्या निमित्ताने घरी आलोय, तेव्हा ऐकीव गोष्टींवर न जाता थेट मुलांच्या तालमीला जाऊन बसलो.

पूर्व भागात एका बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्यात तालीम चालते. माग भंगारात गेले, फरशीत बोल्टांची भोकं तेवढी राहिली आहेत, आणि त्याच जागेवर ड्रमसेट मांडलाय. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो म्हणून चारी भिंतींना चादरी टांगल्यात. आपल्याच, जेकार्डच्या, जाडजूड. विणीत खोट निघालेला माल कोणाच्या तरी काकांनी दिलेला. एका भिंतीवर मोर डोकं खाली पाय वर टांगलाय. मी बोट दाखवलं तर बेसवाला म्हणाला, "सरळ लावला तरी आवाज तेवढाच दाबतोय की ओ."

ड्रमरच्या शेजारी हलगीवाला बसतो. रोजच्या तालमीला तो फायबरच्या पानाची हलगी वाजवतो, पण रेकॉर्डिंगला चामड्याचीच. ती शेडबाहेर पाचोळा पेटवून शेकायची, टिचकी मारून बघायची, पुन्हा शेकायची. शेकली की थोडा वेळच कडकडीत बोलते, मग उतरायला लागते. त्यामुळे बाकीचे वादक आधीच गळ्यात पट्टे अडकवून तयार उभे. हलगीवाला आत पळत येतो आणि कोणी काही न बोलता टेक सुरू होतो. त्या टेकला मी तिथेच होतो. चूक झाली ती गिटारवाल्याची, आणि पुन्हा शेकोटी पेटवायला त्यालाच पाठवलं.

फंकचं सगळं वजन पहिल्या ठोक्यावर असतं. अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांकडून एवढंच मागायचा: पहिला ठोका चुकवू नका. ज्याने गणपतीच्या मिरवणुकीत हलगीमागे लेझीम धरलंय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. बेस आणि हलगी एकदम पहिल्यावर पडतात, मधली जागा गिटार कुरतडत राहते.

आता परदेशात कसे पोचले ते ऐका, कारण आपल्या चर्चेत हेच राहून जातंय. त्यांच्या एका गाण्यात मध्येच सगळे थांबतात आणि नुसती हलगी आणि ड्रम उरतात. याला ब्रेक म्हणतात. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्क बहिणीच्या पार्टीत तबकड्या लावत होता. गाण्यांतले असे तुकडे लांबवत न्यायची त्याची जी पद्धत, तिथून हिप हॉप सुरू झालं असं मानतात. त्या तुकड्यांवर नाचणारे लोक आज जगभर आहेत. या नाचाला ब्रेकिंग म्हणतात, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही तो होता. या नाचणाऱ्यांना सतत नवा ब्रेक हवा असतो, आणि हलगीचा ब्रेक त्यांच्या कानावर कधी पडलेला नव्हता. फ्रान्समधल्या कोणी तरी सरावाच्या व्हिडिओला तो लावला, तिथून ब्राझील, तिथून कोरिया. कोणत्या शहरात किती ऐकलं जातं याची यादी मुलांनी मला ॲपवर उघडून दाखवली. वर लियाँ आणि साओ पाउलो. न्यू जर्सी बरंच खाली, आणि सोलापूर त्याच्याही खाली.

म्हणजे त्यांचा परदेशातला श्रोता आपण नव्हे. तो त्यांनी आपल्याआधी, आपल्या मदतीशिवाय मिळवलाय. मंडळ त्यांना व्यासपीठ मिळवून देतंय असा प्रस्तावाचा सूर आहे, तो मला पटत नाही.

पैशाचं म्हणाल तर ऐकणारे वाढले म्हणून खिसा वाढला असं झालेलं नाही. वर्षभरात १००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४ पासून काहीच देत नाही. जे गाणं चाललं, ते नेमकं त्याच नावाच्या दुसऱ्या एका बँडच्या पानावर जाऊन बसलं, आणि ते सोडवून आणेपर्यंत मुलांची पुरेवाट झाली. म्हणून आता नाव बदलायचं घाटतंय. ड्रमरने मला जेम्स ब्राउनच्या ड्रमरची, क्लाइड स्टबलफील्डची गोष्ट सांगितली. १९७० मध्ये आलेल्या एका गाण्यातला त्याचा ब्रेक पुढे शेकडो गाण्यांत उचलला गेला, पण वाजवणाऱ्याच्या हाती त्यातलं जवळजवळ काही आलं नाही. एवढं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "तुमचं मंडळ काय देणार ओ अण्णा?" मी चहा मागवला.

नाना, भाषेचं. पूर्व भागात घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कानडी आणि दखनी. पार्क चौकात एखाद्या गाड्यापाशी उभं राहिलं तरी चारही कानावर येतात. ते तेलुगू कडवं रॅपरच्या आईचं आहे. ती विड्या वळते, मजुरी हजारावर. कडव्यात ती मोजत जाते, मध्येच पोर रडतं, नळाला पाणी येतं, आकडा चुकतो, पुन्हा मागून मोजणी. उजनीसारखं धरण जिल्ह्यात आणि शहरात नळाला रोज पाणी नाही, हे ज्याने सोसलंय त्याला ते कडवं भाषा न येताही कळतं. शिवी एकच आहे, ती नळाला आहे.

जाता जाता निवेदकाला एक विनंती. "पोवाडा म्हणजे आपला रॅपच की!" हे कृपया म्हणू नये. शाहीर राम जोशी सोलापूरचे, शाहीर अमर शेख बार्शीचे, हे बँडच्या पोरांनी प्रत्येक सत्काराला ऐकलंय. वीट आलाय मुलांना.

प्रेषक: ताई

अण्णा, माझा मुलगा ब्रेकिंग करतो. ही हलगी गेले कित्येक महिने आमच्या तळघरात वाजतेय आणि मी जिन्यावरून "आवाज कमी कर" म्हणून ओरडतेय. काल सचिवांची लिंक उघडली तर तो वर धावत आला, "आई, हे तुला कोणी पाठवलं?" मंडळाच्या कार्यक्रमाला तो फिरकतही नाही, आता विचारतोय तिकीट कधी निघणार. २० मिनिटांना माझीही हरकत आहे, पण नानांच्या उलट. बँडला तेवढा वेळ नुसत्या साउंड चेकला लागतो. आणि मानधन नाही म्हणजे काय? मागच्या दिवाळीला ऑर्केस्ट्राला आपण पैसे मोजलेच होते ना?

प्रेषक: खजिनदार

आता हिशेबाचं बोलू.

पर्यटक व्हिसावर आणायचं आणि विचारलंच तर "पैसे दिले नाहीत" म्हणायचं, असा विचार कोणाच्या मनात असेल तर तो आत्ताच सोडा. तिकीट लावलेला कार्यक्रम तसा करता येत नाही. यांना पी-३ हा कलाकारांचा व्हिसा लागेल. त्यासाठी आय-१२९ हा अर्ज इथल्या प्रायोजकाने किंवा एजंटाने करायचा. सोबत कार्यक्रमांची तारीखवार यादी, करार, तज्ज्ञांची पत्रं आणि अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्ससारख्या संघटनेचं मत. जादा फी भरली तर १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळतं, त्यानंतर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. सप्टेंबर गाठायचा तर कागद आत्ता हलले पाहिजेत.

हा खर्च एकट्या मंडळाला झेपणार नाही. त्यांना बोलावणारे क्लब आणि शेजारची दोन मंडळं यांच्यात वाटून घेतला तर जमेल. मानधनातून साधारणपणे ३० टक्के कर इथेच कापावा लागतो, तेव्हा अण्णा, मुलांना आकडा सांगताना हातात पडणारा सांगा.

खरी अडचण तज्ज्ञांच्या पत्राची. पी-३ हा एखाद्या समाजाच्या खास कलेसाठी असतो. बेस गिटार दाखवून तो मिळणार नाही, हलगी दाखवून मिळू शकतो. हलगीवर अधिकाराने लिहील असा कोणी हवा. नाना, पुण्यातले तुमचे लोककलेचे प्राध्यापक मित्र?

प्रेषक: नाना

मित्राला फोन केला. हलगीवर आनंदाने लिहीन म्हणाला. फंकबद्दल एक ओळ लिहिणार नाही, असंही म्हणाला. मी म्हटलं तेवढं पुरे.

विड्यांचं गाणं परत ऐकलं, या वेळी कानाला यंत्र लावून. तेलुगू मला चार शब्दांपलीकडे येत नाही, पण आकडा चुकतो ती जागा कळली. तिथे हलगी थांबते, ते चांगलं केलंय. माझी हरकत आता वेळेपुरती समजावी. आरती झाल्या झाल्या नको, महाप्रसाद होऊन मंडळी जरा सैलावली की ठेवा. आणि मराठी गाणं सुरुवातीला घ्या, म्हणजे आमच्या वयाचे लोक उठून जाणार नाहीत.

प्रेषक: अण्णा

मुलांशी बोललो. ४५ मिनिटांपेक्षा कमी वेळेसाठी वाद्यं उघडणार नाही म्हणाले, आणि मला ते रास्त वाटतं. मानधनाचा आकडा खजिनदारांना वेगळा पाठवलाय, क्लब देतात त्याहून कमीच आहे. मराठी गाणं आधी घ्यायला तयार आहेत, ते त्यांचं सगळ्यात जोरकस गाणं आहे, नानांनी पुढच्या रांगेत बसू नये. राहायला सभासदांची घरं चालतील, फक्त सगळ्यांना एकाच घरात ठेवा. शाल नको म्हणतात. "चादरी पडल्यात की ओ ढिगाने."

प्रेषक: सचिव

सर्वांचे आभार. सुधारित प्रस्ताव: महाप्रसादानंतर ४५ मिनिटं, मानधन तिकिटातून, १८ वर्षांखालच्यांना निम्मा दर. व्हिसाच्या कागदांसाठी खजिनदार आणि ताई यांची समिती. शेजारच्या मंडळांना मी आज लिहितो.

अण्णा, एक राहिलं. सभागृहात उघडा जाळ चालत नाही, निरांजनांसाठीच दरवर्षी लेखी परवानगी काढावी लागते. चामड्याची हलगी आणणार असतील तर ती मागच्या पार्किंगमध्ये शेकू द्यायला व्यवस्थापक तयार होतो का ते मी बघतो. नाहीच जमलं तर फायबरची चालेल का, हे त्यांना आत्ताच विचारून ठेवा.